नखांमधली खिडकी

माझं शिक्षण लवकर सुटलं. ऱ्हस्वदीर्घ कुठे चुकलं असेल, शब्द फार साधे वाटले, तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. गोष्ट चांगली आहे, एवढ्याच भरवशावर ती सांगायला बसलो आहे.

एकदा एक वृद्ध वैद्य होते. नदीकाठच्या गावात त्यांचं लहानसं घर होतं. पुढे पडवी, पडवीत औषधांच्या बरण्या आणि रोग्यांना बसायला एक बाक. त्यांच्यापाशी एक शिष्य शिकत असे. शिष्य मोठा बुद्धिमान. श्लोक एकदा कानावर पडला की त्याला पाठ व्हायचा. पण त्याच्यात एक खोड होती. रोग्यानं तक्रार सांगायला तोंड उघडलं, की याच्या हातात बरणी आलेलीच असायची.

वैद्यबुवा त्याला म्हणत, "अरे, समोरच्याचं वाक्य तरी पुरं होऊ दे."

शिष्य मान डोलवायचा, आणि पुढच्या रोग्याला पुन्हा तेच.

एके दिवशी बुवा आत पूजेला बसलेले असताना गावातला म्हातारा शिंपी आला. त्याच्या तळहातावर पितळेचं अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ते.

"बघ रे बाबा," तो म्हणाला. "उभा जन्म हे या बोटात बसलं. आता टोकाशीच अडतंय. पितळ आखडतं काय रे?"

शिष्याला हसू आलं. "पितळ नाही आखडत, आजोबा. सुनेच्या हातचं जेवण मानवलंय तुम्हाला. बोटांनीसुद्धा बाळसं धरलंय!"

"या वयात बाळसं? बायको वरून बघत असेल तर जळेल रे माझ्यावर!"

म्हातारा हसला. हसता हसता खोकला, आणि खोकत राहिला. शिष्यानं त्याला चोळायला तेलाची बाटली दिली. शिंप्यानं ती खिशात टाकली, अंगुस्तानही टाकलं आणि तो गेला.

तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच एक व्यापारी आत आला. हा शेट मूर्तींचा धंदा करायचा. गौरी-गणपतीच्या दिवसांत त्याचा माल दूरदूरच्या बाजारांत जाई. बुवा बाहेर येताच त्यानं हात जोडले.

"बुवा, आमच्या देवीला शक्तीचं औषध पाहिजे."

"देवीला?" बुवांनी विचारलं.

शेटनं सगळं सांगितलं. डोंगराच्या पायथ्याला मूर्तिकारांची वाडी होती. तिथला धर्माजी मूर्तिकार गौरीचे हात घडवण्यात नाणावलेला. मुखवटे कुणीही करील, पण हात धर्माजीचेच. कारण तो ते हात मनानं घडवत नसे. त्याची मुलगी होती, तुळसा. दरवर्षी तिच्या हातांना खोबरेल चोळायचं, मऊ मातीत ते हात दाबून साचा घ्यायचा, आणि त्या साच्यातून गौरीचे हात काढायचे. रेषा, सांधा, नख, सगळं जिवंत माणसाचं.

"आणि बुवा," शेटचा आवाज एकदम खाली आला, "गेल्या काही वर्षांत ते हात बदलताहेत."

"म्हणजे?"

"भरताहेत. बोटांची टोकं गोल होताहेत, कळीसारखी. नखं अशी चमकतात, की कुणाला वाटावं आतून तेल लावलंय. मुलगी वाळत चाललीय आणि बोटं तेवढी भरताहेत. लोक म्हणतात, गौर तिच्या बोटांतून बाहेर येतेय. बायका नारळ घेऊन येतात. गिऱ्हाईक दुसरे हात बघतच नाही. म्हणतं, भरल्या हाताचीच गौर द्या. पण यंदा मुलीला देवीचा भार सोसेना. साच्यासाठी हात धरून ठेवता येत नाही, कापतो. तेवढी शक्ती येईल असं काही द्या."

शिष्याचे डोळे चमकले. "गुरुजी, सामुद्रिकात हे शुभलक्षणच सांगितलंय. गोल अग्रं, स्निग्ध नखं. बलासाठी अवलेह न्यावा आणि त्वचेसाठी लेप."

बुवा उठले. त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या. शिष्यानं दोन बरण्या पिशवीत घातल्या, आणि तिघं शेटच्या गाडीतून निघाले.

वाडीत पोचले तेव्हा भर दुपार होती. ऊन इतकं कडक होतं, की सावल्या माणसांच्या पायांखाली लपल्या होत्या. कुत्रंही भुंकत नव्हतं. धर्माजीच्या अंगणात बायका ओळीनं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर नारळ. कुणी बोलत नव्हतं. आतून मधूनमधून खोकल्याचा आवाज येई. तो आला, की सगळ्या जणी एकदम कपाळाला हात लावीत.

तुळसा ओसरीवर पाटावर बसली होती. हिरवं लुगडं, गळ्यात झेंडूची माळ. गालांची हाडं वर आलेली. तिचे दोन्ही हात समोरच्या चौरंगावर लाल कापडावर ठेवलेले होते, जणू ते तिचे नव्हतेच. कुणाचे तरी तिथे मांडून ठेवले होते. बोटांच्या टोकांवर हळदकुंकू इतकं साचलं होतं, की खालचं कातडं दिसत नव्हतं. एक एक बाई पुढे येई, वाकून त्या बोटांना डोळे लावी आणि मागे सरे. तुळसा कुणाकडे बघत नव्हती.

शेटनं वाकून नमस्कार केला. शिष्यही नकळत वाकला. त्याच्या कपाळाला ती टोकं लागली. मऊ होती, आणि ऊबदार. बाकीचा हात मात्र गार होता. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवाजवळ आल्यावर असंच होत असणार, असं त्यानं मनाला सांगितलं.

वैद्यबुवांनी मात्र नमस्कार केला नाही. मुलीकडे नीट पाहिलंही नाही. ते धर्माजीला म्हणाले, "तुझे साचे कुठे असतात?"

धर्माजी गोंधळला. "साचे? मागच्या खोलीत. पण पोरगी इथं आहे बुवा."

"पोरगी कळली. मला आधी साचे बघायचेत."

बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी मोठ्यानंच पुटपुटली, "साक्षात देवी सोडून माती बघायला निघाले! म्हातारचळ, दुसरं काय?"

मागची खोली लांबट होती. एकच दार, एकच उंच झरोका. शिष्य आत शिरला आणि उंबऱ्यापाशीच थबकला. जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर हात होते. नुसते हात, दरवर्षीच्या साच्यांतून काढून जपलेले. मनगटापाशी तुटलेले, पांढरे, बोटं वर करून उभे. काही आशीर्वाद दिल्यासारखे, काही थांबवल्यासारखे. झरोक्यातून आलेल्या उन्हात धूळ हलत होती, म्हणून की काय, पण बोटंच किंचित हलताहेत असं वाटत होतं.

"दुपारी वाजतात हे," धर्माजी हळूच म्हणाला. "टक टक. बायकोनं ऐकलंय. दार ठोठावल्यासारखं. तेव्हापासून ती इकडं पाऊल टाकत नाही."

"कुठलं दार?" बुवांनी विचारलं.

"काय की. आतून वाजतं असं म्हणते."

तेवढ्यात ओसरीवर तुळसा खोकली. तो आवाज खोलीत घुमला आणि सगळ्या फळ्यांवरून परत आला, जणू ते सगळे हातच एकदम खोकले. शिष्यानं पिशवी छातीशी घट्ट धरली.

बुवांनी धर्माजीला दर वर्षाचा एक डावा, एक उजवा हात खाली काढायला लावला. जुने आधी, नवे नंतर. धर्माजीला प्रत्येकाचं वर्ष ठाऊक होतं. स्वतःच्या हातचं काम कोण विसरतो? हातांची ओळ दारापर्यंत गेली. मग वैद्यबुवा म्हातारपणानं कुरकुरत जमिनीवर बसले आणि त्यांनी एक विचित्र गोष्ट केली.

सगळ्यांत जुनी जोडी त्यांनी उचलली. तळहाताला तळहात लावून नमस्कार करतात तसा नाही, उलटा. दोन्ही अनामिकांची नखं एकमेकांवर टेकवून, पाठीला पाठ. ती जोडी त्यांनी दाराच्या उजेडासमोर धरली.

"बघ," ते शिष्याला म्हणाले. "नखांच्या मुळाशी डोळा लाव."

शिष्यानं पाहिलं. दोन नखांच्या मध्ये एक इवलीशी फट होती, चौकटच्या पत्त्यावर असते त्या आकाराची. तिच्यातून उजेड येत होता. पलीकडचं अंगण, तुळशीवृंदावनाचा कोपरा, एका बाईचं हिरवं लुगडं, सारं त्या कणभर खिडकीतून दिसत होतं.

"काय दिसतं?"

"उजेड, गुरुजी."

बुवांनी पुढची जोडी धरली. तिथंही उजेड. त्याच्या पुढची. खिडकी होती, पण बारीक. त्यापुढच्या जोडीत उजेडाची नुसती रेघ उरली होती. आणि गेल्या वर्षीच्या हातांची नखं त्यांनी जुळवली, तेव्हा शिष्यानं डोळा जवळ नेला, आणखी जवळ नेला, पापणी नखाला लागली.

"काय दिसतं?"

"काही नाही," शिष्य म्हणाला.  "अंधार."

"खिडकी बंद झाली," वैद्यबुवा म्हणाले. "आत कुणीतरी कोंडलंय, म्हणून दार वाजतंय."

धर्माजी पुढे वाकला. "कोण कोंडलंय, बुवा?"

"ते तिलाच विचारू. इतक्या बायका आल्या-गेल्या, त्या मुलीला कुणी काही विचारलं का?"

ते ओसरीवर आले. बुवांनी पाणी मागवलं आणि स्वतः तुळसाची बोटं धुतली. हळदकुंकू वाहून गेलं. खाली फुगीर टोकं होती. नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, आणि त्यांच्याखाली जांभूळ चोळल्यासारखी निळसर छटा. बुवांनी नखाच्या मुळाशी दाबलं. ते पाण्यावर तरंगल्यासारखं खाली-वर झालं. मग त्यांनी तिलाच नखं जुळवायला लावली. खिडकी नव्हती.

त्यांनी तिच्या पाठीला कान लावला. उजव्या बाजूला खाली बराच वेळ कान ठेवला. मग समोर बसले.

"तुळसा, बाळ, तुला काय होतं?"

 मुलीच्या ओठाचा कोपरा थरथरला.

"मला कुणी असं विचारलंच नाही," ती म्हणाली.

"मी विचारतोय."

"सकाळी उठलं की खोकला येतो. खूप पडतं, बुवा. घाण. आणि वास येतो." तिनं पदर तोंडावर ओढला. "मी मातीच्या खड्ड्यावर जाऊन थुंकते, कुणी बघायच्या आत. देवीच्या तोंडाला असा वास येतो का? मला ठाऊक आहे, मी देवी नाही. पण आबांचे हात विकले जातात, सगळे आनंदात असतात. काय सांगू?"

 अंगणातली मघाची म्हातारी नारळ पदराखाली लपवू लागली.

"कधीपासून?" बुवांनी विचारलं.

उत्तर धर्माजीनं दिलं, आणि अभिमानानं दिलं. "मोती गिळला त्या वर्षापासून! तुम्हाला ठाऊक नाही होय? सगळ्या वाडीला माहितेय. गौरीच्या नथीला मोती चिकटवताना ही मोती ओठांत धरते. आम्ही सगळे तसंच करतो. एक हात मुखवट्याला, एक हात डिंकाला, मोती ठेवणार कुठं? तर हिची मावशी काहीतरी विनोद बोलली, ही हसली, आणि मोती गेला आत. ठसका लागला, डोळे पांढरे झाले, मग थांबलं. मावशी म्हणाली, देवीचा मोती देवीच्या पोटात गेला. आणि खरंच, त्यानंतरच हात भरायला लागले."

वैद्यबुवांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पोटात गेला असता, तर दुसऱ्या दिवशी बाहेर पडला असता, धर्माजी. तो पोटात गेलाच नाही."

शिष्य पुढे सरसावला. पिशवीतून बरणी निघाली होती. "गुरुजी, कफ साठलाय. काढा द्यावा. अडुळसा, ज्येष्ठमध..."

"मी हिला औषध देणार नाही," बुवा म्हणाले.

शेट उसळला. "मग आणलं कशाला तुम्हाला? वैद्य ना तुम्ही?"

"वैद्य आहे म्हणूनच नाही म्हणतो. हिला आत्ता जिल्ह्याच्या इस्पितळात न्या. छातीच्या डॉक्टरकडे."

"डॉक्टर!" शेट धर्माजीकडे वळला. "अरे, सण तोंडावर आलाय. यंदाचा साचा व्हायचाय. डॉक्टर कापाकापी करणार, हात पहिल्यासारखा करून ठेवणार, मग भरल्या हाताची गौर कुठून आणायची? सण होऊ दे, मग ने."

 धर्माजीनं एकदा चौरंगाकडे पाहिलं, एकदा मागच्या खोलीकडे. "आणि बुवा," तो शेवटी म्हणाला, "खरंच देवी असली तर? डॉक्टरकडे नेली आणि कोपली तर?"

"तू मूर्तिकार," बुवा म्हणाले. "दरवर्षी स्वतःच्या हातानं देवी करतोस आणि स्वतःच्या हातानं पाण्यात सोडतोस. ती कधी कोपली? पण ही मूर्ती नाही. ही विरघळली, तर पुढच्या वर्षी माती कालवून होणार नाही."

धर्माजी उठला. लेकीच्या गळ्यातली झेंडूची माळ त्यानं काढली. काढताना माळेचा दोरा तुटला आणि फुलं ओसरीभर घरंगळली. "गाडी तुमचीच आहे, शेट," तो म्हणाला. "न्यायची का मी खांद्यावर घेऊ?"

शेटनं क्षणभर त्या फुलांकडे पाहिलं. मग किल्ली काढली.

इस्पितळात छातीच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बोटं पाहिली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "नखं जुळवा बरं." शिष्यानं चमकून बुवांकडे पाहिलं. बुवा छताकडे बघत होते.

मग छातीचे फोटो झाले, आधी साधा, मग मोठ्या यंत्राचा. उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी श्वासाची एक नळी बुजली होती, आणि बुजल्या जागेखाली पू साठून साठून नळ्या फुगल्या होत्या. डॉक्टरांनी काही दिवस औषधं देऊन ताप आणि पू उतरू दिला. मग गुंगी देऊन श्वासनलिकेतून बारीक दुर्बीण आत सोडली. बाहेर धर्माजी, शेट, बुवा आणि शिष्य बाकावर बसले होते. शेट तीन वेळा चहा घेऊन आला आणि तीनही वेळा सगळा चहा गार झाला.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या हातात काचेची बाटली होती, तिच्या तळाशी काळपट पडलेला एक मणी. बाईंनी बाटली हलवली. मणी काचेवर आपटला.

टक टक.

धर्माजीनं दोन्ही हातांनी कान झाकले आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"वेळेत आणलंत," बाई म्हणाल्या. "नळ्यांचं काही नुकसान कायमचं राहील, जपावं लागेल. पण पू आता साठणार नाही. आणि बोटं, ती सावकाश उतरतात बऱ्याचदा."

शेट गाडीसह इस्पितळातच राहिला, म्हणून परतीला बुवा आणि शिष्यानं नदीची वाट धरली. नावेला अवकाश होता, म्हणून गुरू-शिष्य काठावरच्या दगडावर बसले.  शिष्य म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आधी मुलीला न बघता साचे का पाहिलेत?"

वैद्यबुवा म्हणाले, "काही घराण्यांत जन्मतःच अशी बोटं असतात. त्यांना काही होत नाही, त्यांना उगाच घाबरवू नये. जन्मापासून असती, तर पहिल्या साच्यातही खिडकी बंद दिसली असती. बोट बदललं की नाही हे बोट सांगत नाही, कालचं बोट सांगतं. धर्माजीच्या फळीवर कालचे हात ठेवलेले होते. एवढी सोय कुणाला मिळते?"

"पण बोटांचा आणि फुफ्फुसाचा संबंध काय?"

"डॉक्टर सांगतात, फुफ्फुसात किंवा हृदयात दीर्घ काळ बिघाड राहिला, की रक्तातले जे काही कण तिथं गाळले जायचे, ते पुढे निसटतात, बोटांच्या टोकाशी जाऊन अडकतात, आणि नखाखालचं मांस वाढवतात. कधी आतड्याच्या, यकृताच्या रोगातही हे दिसतं. का होतं ते पुरतं कळलं असं तेही म्हणत नाहीत. क्लबिंग म्हणतात ते याला. आपल्या ग्रंथांत या लक्षणाला वेगळं नाव मी वाचलेलं नाही, आणि नसलेलं आहे असं सांगणार नाही. पण नख हा अस्थीचा मल, आतल्या धातूंची खूण बाहेर दिसते, हे आपण शिकलो. प्राणवह स्रोत म्हणजे श्वासाची वाट, ती अडली, तर प्राण कुठंतरी धडका देणारच. आणि आपल्याला परीक्षेच्या तीन वाटा दिल्यात: दर्शन, स्पर्शन, प्रश्न. तू पाहिलंस, कपाळ लावून स्पर्शही केलास. प्रश्न मात्र केला नाहीस. त्या बायकांनीही केला नाही. न विचारता पाहिलेलं लक्षण शुभही वाटतं आणि अशुभही. ज्याला जे हवं ते."

"आणि काढा का नाही दिलात? कफ तर होता."

बुवा हसले. "शरीरात रुतलेल्या परक्या वस्तूला आपण काय म्हणतो?"

"शल्य."

"मग शल्याला काढा नसतो रे. शल्य काढावं लागतं. ज्याला ते काढायची हातोटी आहे, त्याच्याकडे रोग्याला पोचवणं हीसुद्धा चिकित्साच आहे. दार वाजत असताना तू दारालाच लेप लावायला निघाला होतास. आत कोण आहे ते बघ."

पुढे सणाला शेट नेहमीचेच हात घेऊन बाजारात गेला. धर्माजीनं ते सगळ्यांत जुन्या साच्यातून काढले होते. गिऱ्हाईक कुरकुरलं, "यंदा देवीचा हात सुकला." शेट म्हणाला, "सुकला नाही बाई, बरा झाला." तुळसा पुन्हा नथी चिकटवू लागली, पण मोती आता ओठांत नाही, मनगटाला बांधलेल्या मेणाच्या गोळीवर टोचून ठेवायचा, असा वाडीत रिवाज पडला. मागच्या खोलीतून टकटक ऐकू आली असं नंतर कुणी म्हणालं नाही. धर्माजीची बायको तिथं मिरच्या वाळत घालू लागली.

पण हे सारं पुढचं. नदीकाठची ती संध्याकाळ अजून संपलेली नव्हती. नाव आली, दोघं बसले. वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज होत होता. शिष्य आपल्या बोटांकडे बघत होता. त्यानं नखं जुळवून मावळत्या सूर्यासमोर धरली. तांबड्या उजेडाची लहानशी चौकट त्याला दिसली. तो सुस्कारा सोडणार, एवढ्यात त्याचे हात हवेतच थांबले.

"काय झालं?" बुवांनी विचारलं.

"पितळ आखडत नाही, गुरुजी," शिष्य म्हणाला.

बुवांना अर्थ लागला नाही. त्यांनी विचारलंही नाही. शिष्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो बोलेल तेव्हा बोलेल हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात उतरताच शिष्य उठला. बरण्यांची पिशवी खुंटीलाच राहू दिली आणि रिकाम्या हातांनी शिंप्याच्या घरी गेला. म्हातारा ओट्यावर उन्हाला बसून बोटांना तेल चोळत होता.

"ये रे ये! तुझं तेल चांगलंय, बोटं कशी चकाकायला लागली बघ."

"आजोबा, जरा नखं जुळवता? अशी. पाठीला पाठ."

म्हाताऱ्यानं खेळ समजून नखं जुळवली. शिष्य गुडघ्यांवर बसला. सूर्य समोर होता. त्यानं डोळा लावला, आणि बराच वेळ तसाच राहिला. मग तो ओट्यावर शिंप्याला लागून बसला.

"खोकला कधीपासून आहे, आजोबा?"

शिंपी सांगू लागला. आधी खोकल्याचं, मग तरुणपणापासूनच्या विड्यांचं, मग जिना चढताना लागणाऱ्या धापेचं, मग बायकोचं. फार सांगितलं त्यानं. शिष्यानं मधे एक शब्द टाकला नाही.

जिल्ह्याला जाणाऱ्या पहिल्या एसटीत ते दोघं शेजारी शेजारी बसले होते. खिडकी म्हाताऱ्याला दिली होती. अंगुस्तान त्याच्या मुठीत होतं.